हिटलर म्हणजे ‘कडक माणूस’ नव्हे : मुलांना न शिकवलेला इतिहास आणि आपल्या मोबाइलवरचे स्टेटस

घरातल्या शिस्तप्रिय अब्बांना, शाळेतल्या कडक बाईंना, सोसायटीच्या खडूस सेक्रेटरीला आपल्याकडे बिनदिक्कत ‘हिटलर’ म्हटलं जातं. कुर्ला असो की अंधेरी, मुलुंड असो की घाटकोपर, हा शब्द सगळीकडे सारखाच चालतो. ऐकणारा हसतो आणि विषय संपतो. पण याच सवयीतून पुढे काय काय होतं, त्याची उदाहरणं लांब जर्मनीत शोधावी लागत नाहीत, आपल्याच आसपास आहेत.

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं. आत हिटलरचं मोठं पोस्टर होतं आणि पाटीवर नाझींचं चिन्ह. नाव लोकांच्या लक्षात राहावं, एवढाच मालकांचा हिशेब होता. मुंबईतल्या यहुदी समाजाने आणि इस्रायली वकिलातीने आक्षेप घेतला, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी गेली आणि थोड्याच दिवसांत नाव बदललं गेलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मुंबईच्याच एका व्यापाऱ्याने चादरींचं ‘नाझी कलेक्शन’ बाजारात आणलं. खुलासा असा की, हे ‘न्यू अरायव्हल झोन ऑफ इंडिया’ या इंग्रजी नावाचं लघुरूप आहे! मग पत्रकावर ते चिन्ह कशासाठी छापलं होतं, हे मात्र त्या लघुरूपातून काही कळत नाही.

२०११ मध्ये झी टीव्हीवर ‘हिटलर दीदी’ ही मालिका सुरू झाली. अमेरिकेतल्या यहुदी संघटनेने हरकत घेतल्यावर तिथे ती ‘जनरल दीदी’ या नावाने दाखवली गेली, भारतात मूळ नावच चाललं. २०१२ मध्ये अहमदाबादेत ‘हिटलर’ नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. भागीदाराचे आजोबा कडक होते, त्यांना सगळे हिटलर म्हणत, म्हणून हे नाव, असं मालकाचं म्हणणं होतं. हा हिटलर नेमका कोण, याची आपल्याला माहिती नव्हती असंही त्याने सांगितलं, आणि आम्हाला ते खरं वाटतं. यातल्या कुणाला यहुद्यांचा द्वेष करायचा होता असं दिसत नाही. त्यांना माहीतच नव्हतं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

माहीत का नसतं?

राज्य मंडळाची पुस्तकं उघडून बघा. २०१७ पासून लागू झालेलं नववीचं इतिहासाचं पुस्तक १९६० नंतरच्या भारतावर आहे. २०१८ चं दहावीचं पुस्तक इतिहासलेखन, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन अशा विषयांचं आहे. विषय चांगले आहेत, पण त्या दोन वर्षांत नाझी राजवट सविस्तर कुठे भेटत नाही. महायुद्धांचा धडा बारावीला येतो, तोही इतिहास घेतलेल्यांनाच. म्हणजे दहावीनंतर सायन्स-कॉमर्सला गेलेलं मूल हिटलरबद्दल जे काही शिकतं ते रील्समधून आणि मीम्समधून. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात मात्र नाझीवादावर अख्खं प्रकरण आहे. एकाच इमारतीत राहणाऱ्या, पण वेगवेगळ्या बोर्डांत शिकणाऱ्या दोन मुलांच्या माहितीत एवढा फरक पडतो. शेजारच्या गुजरातमध्ये तर २००४ च्या सुमाराला पाठ्यपुस्तकात हिटलरच्या ‘कामगिरी’चंच कौतुक होतं, त्यावर बराच वाद झाला.

भरीला ‘माइन काम्फ’. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर व्यवस्थापन आणि ‘यश कसं मिळवावं’ छापाच्या पुस्तकांशेजारी ते मांडलेलं असतं, जणू तेही यशाचंच पुस्तक. घेणाऱ्यांपैकी किती जण आतलं वाचतात देव जाणे. त्यात हा माणूस भारताबद्दल काय लिहितो? भारत इतर कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहावा, असं त्याचं मत होतं. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंग्रज मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले, तेव्हा त्याने गांधीजींना गोळ्या घाला असा सल्ला दिला. नेताजी मे १९४२ मध्ये त्याला भेटले, पण भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंब्याची जाहीर घोषणा त्याने काही दिली नाही. ‘इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र’ हे गणित तेव्हाही चुकलं होतं.

आता आपल्या घरातलं बोलू

गाझाच्या बातम्या आल्या, लहान मुलांचे मृतदेह बघितले की काळीज फाटतं. अशा दिवसांत आपल्या ग्रुप्सवर एक वाक्य हमखास फिरतं. हिटलर म्हणे सांगून गेला की, काही यहुदी मी जिवंत सोडले, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळेल. मुलं ते स्टेटसला लावतात, मोठी माणसंही पुढे पाठवतात. हे वाक्य हिटलरच्या कुठल्याही भाषणात किंवा लिखाणात सापडत नाही. ते बनावट आहे. आणि समजा खरं असतं, तरी साठ लाख माणसांच्या कत्तलीला शाबासकी देऊन पॅलेस्टिनी मुलांना न्याय कसा मिळणार? आपली बाजू न्यायाची असेल तर तिला हिटलरच्या साक्षीची गरज नाही. इस्रायल सरकारच्या धोरणावर हवी तितकी टीका करा, तो तुमचा हक्क आहे. पण सरकार वेगळं आणि यहुदी माणूस वेगळा.

जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी नोव्हेंबर १९४१ मध्ये हिटलरला भेटले होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात अल्बानियात मुस्लिम कुटुंबांनी यहुद्यांना आपल्या घरात लपवून वाचवलं. युद्ध संपलं तेव्हा त्या देशात युद्धाआधी होते त्यापेक्षा जास्त यहुदी होते. आणि नूर इनायत खान? सूफी संगीतकार हजरत इनायत खान यांची ही मुलगी, टिपू सुलतानच्या वंशातली. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये ती गुप्तपणे वायरलेस चालवत होती. पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आलं. मुलांच्या स्टेटसला फोटो लावायचाच तर तिचा लावावा. त्या युद्धात सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक मेले, त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते.

नाझींनी सुरुवात गॅसच्या कोठड्यांपासून केली नव्हती, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. १ एप्रिल १९३३ ला यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला गेला. मग त्यांना नोकऱ्यांतून काढलं. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी त्यांचं नागरिकत्व कमी दर्जाचं केलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत शेकडो प्रार्थनास्थळं जाळली गेली. १९३९ पासून अपंग आणि मनोरुग्णांना मारायला सुरुवात झाली, रोमा म्हणजे जिप्सी समाजाचीही लाखोंनी कत्तल झाली. उपनगरात भाड्याने फ्लॅट शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका वाटू नये. मात्र प्रत्येक अन्यायाला ‘होलोकॉस्ट’ म्हणत सुटलो तर त्या शब्दाचाही चोथा होतो.

स्वस्तिकाचं काय?

घाटकोपर-मुलुंडला जैन आणि गुजराती शेजाऱ्यांच्या दारावर स्वस्तिक असतंच. ते हजारो वर्षांचं मंगलचिन्ह आहे, नाझींशी त्याचा काही संबंध नाही. नाझी पक्षाने १९२० मध्ये आपलं चिन्ह ठरवलं. लाल कापडावर पांढरं वर्तुळ आणि त्यात ४५ अंशांत तिरकं केलेलं काळं चिन्ह. ‘दिशा उलटी असते’ असं आपल्याकडे सांगतात, ते बरोबर नाही. पुष्कळदा दिशा सारखीच असते. ओळखायचं ते तिरकेपणावरून, रंगांवरून आणि ते कुठे लावलंय त्यावरून. शेजाऱ्याच्या उंबऱ्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाला नाझी म्हणणं हासुद्धा अडाणीपणाच.

आपल्या मुंबईचे यहुदी

ज्यांच्याबद्दल हे स्टेटस फिरतात, ते यहुदी आपल्या कोकणातलेच. बेने इस्राएल रायगडच्या गावांत तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीला बांधलं. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. ते बनी इस्राईल आहेत, म्हणजे कुराणात ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्यापैकी, हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा त्या समाजात सांगतात. सुटका झाली म्हणून त्यांनी सिनेगॉग बांधलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असंही म्हणतात.

हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या काहींना याच शहराने आसरा दिला. आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये प्रागहून इथे आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या यहुदी पत्नीसह आले, तिथूनच इमॅन्युएल श्लेसिंजरही आले. एम. एफ. हुसेन आणि एस. एच. रझा उमेदवारी करत होते तेव्हा त्यांना शिकवणारे, त्यांची चित्रं विकत घेणारे हेच लोक.

मुलांना शाळेतून हे मिळेल याची वाट बघायची गरज नाही. एनसीईआरटीचं नववीचं पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीत मिळते, सातवी-आठवीचं मूल ती सहज वाचतं. आणि मुलुंडच्या पुढचंच स्टेशन ठाणे, तिथे १८७९ चं ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग आजही चालू आहे. सुरक्षेमुळे अचानक जाऊन आत सोडत नाहीत, आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र सोबत ठेवावं लागतं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, तेव्हा तो दिवस टाळावा.