जॉनी कॅश यांची १९९४ ची ध्वनिमुद्रिका : पुनरुज्जीवन की सातत्य?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गीतपरंपरेतून उदय पावलेल्या कंट्री संगीताच्या इतिहासात जॉनी कॅश (१९३२–२००३) यांच्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ (१९९४) या ध्वनिमुद्रिकेचे वर्णन बहुधा ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाने केले जाते. हा शब्द कितपत यथार्थ आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या वर्णनास आधार नाही असे नव्हे. १९५८ पासून कॅश यांची गीते प्रसिद्ध करणाऱ्या कोलंबिया कंपनीने १९८६ मध्ये त्यांच्याशी असलेला संबंध तोडला. पुढे मर्क्युरी कंपनीने काढलेल्या मुद्रिकांनाही फारसे यश लाभले नाही. अशा वेळी हिपहॉप व हेवी मेटल या क्षेत्रांत नाव मिळविलेले निर्माते रिक रूबिन यांनी त्यांना पाचारण केले. रूबिन यांच्या लॉस एंजेलिस येथील घरी व कॅश यांच्या टेनेसीतील लाकडी घरात, केवळ कंठ आणि गिटार एवढ्याच साधनांनी, तेरापैकी बहुतेक गीते मुद्रित झाली.

हा साधेपणा म्हणजे मूळ शैलीकडे परत जाणे होय, असे मानण्यात आले. परंतु १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीची त्यांची पहिली मुद्रिका निघाली तेव्हाही ते एकटे गात नव्हते. ल्यूथर पर्किन्स यांची विद्युत् गिटार व मार्शल ग्रँट यांचे बास यांच्या ठेक्यावरच त्यांची कीर्ती उभी राहिली. तेव्हा प्रसिद्ध मुद्रिकांच्या क्रमात पाहता १९९४ चे हे रूप जुने नसून नवेच ठरते.

तथापि २००६ मध्ये, कॅश यांच्या मृत्यूनंतर, ‘पर्सनल फाइल’ या नावाने ४९ गीते प्रकाशात आली. १९७३ पासूनच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी ती स्वतःच्या ध्वनिमुद्रणगृहात, बहुतांशी एकट्याने गिटारवर गाऊन ठेवली होती. यावरून असे दिसते की, एकल गायनाची ही रीत रूबिन यांनी निर्माण केली नाही. ती खाजगीत आधीच रुजलेली होती. तिला बाजारात आणण्याचे धैर्य मात्र निःसंशय रूबिन यांचे. त्या बाजाराचे स्वरूपही बोलके आहे: १९९५ मध्ये या मुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते कंट्री विभागात नव्हे, तर समकालीन लोकसंगीताच्या विभागात.

सारांश, मुद्रिका प्रसिद्ध झाल्याचा काळ म्हणजे ती गानरीत जन्मल्याचा काळ, असे गृहीत धरता येत नाही. लोकप्रिय संगीताचा इतिहास केवळ कंपन्यांच्या सूचींवरून लिहिला गेल्यास कलावंताच्या मौनातील वर्षे त्यातून गळून पडतात.