आवृत्ती कुठली?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की मी आधी पाहतो, काय वगळलंय. मानसिक आजारांच्या ‘डीएसएम’ या संदर्भग्रंथाचा इतिहासही मी तसाच वाचला.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने तो १९५२ साली पहिल्यांदा छापला. त्यात समलैंगिकता आजारांच्या यादीत होती. ही नुसती नोंद नव्हती. त्या काळी या शिक्क्यापायी नोकऱ्या जात, ‘उपचार’ म्हणून विजेचे झटके दिले जात.

१९५७ साली एव्हलिन हूकर यांनी दाखवून दिलं की, मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल पाहून तज्ज्ञांनाही समलैंगिक पुरुष वेगळे ओळखता येत नाहीत. तरी नोंद हलली नाही.

१९७२ साली डॅलसच्या अधिवेशनात एक मनोविकारतज्ज्ञ मुखवटा घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून बोलले. आपण समलैंगिक आहोत, हे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं. नाव लावलं होतं ‘डॉ. एच. अनॉनिमस’. ते जॉन फ्रायर होते, हे उघड व्हायला वीसेक वर्षं गेली.

डिसेंबर १९७३मध्ये विश्वस्तांनी नोंद काढली. विरोधकांनी सदस्यांचं मतदान घ्यायला लावलं. ५८ टक्के मतं निर्णयाच्या बाजूने पडली. तरीही वेगळ्या नावाने एक नोंद १९८७पर्यंत टिकलीच. आपल्याकडे तर कलम ३७७च्या जाचातून सुटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

मोबाईलवर लक्षणं वाचून स्वतःला आजाराचं नाव चिकटवणाऱ्या मित्रांना म्हणूनच मी सांगतो: ग्रंथ कामाचा आहे, डॉक्टरकडेही जरूर जा. पण तो माणसांनी लिहिलाय, आणि माणसांनीच दुरुस्त केलाय.