२ जानेवारी : सिद्धगडचे हुतात्मे

१९४३ : पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांचा वेढा पडला. गोळीबारात भाई ऊर्फ विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई जेमतेम तिशीचे. माथेरानच्या नाभिक घरात जन्मलेला हा मुलगा वकील झाला, तिथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्षही. पण वकिलीत रमला नाही. ‘चले जाव’ आंदोलनानंतर भूमिगत होऊन त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. भिवपुरी-खोपोलीच्या घाटपायथ्याशी तयार होणारी वीज तेव्हा मुंबईला जाई. दस्त्यातली पोरं रात्री रानात शिरत, लोखंड कापायच्या करवतीने विजेच्या मनोऱ्यांचे पाय कापत. ऐन महायुद्धात सरकारला हे चांगलंच झोंबलं. गड मुरबाड तालुक्यात. दर दोन जानेवारीला कर्जत-नेरळची माणसं अभिवादनाला तिथे पोहोचतात.