गाळणीतून निसटलेला समुद्र

मी जंगलातला माणूस. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. तुम्ही म्हणाल, हा आता समुद्राच्या गोष्टी काय सांगणार? पण नाते जुने आहे. आमच्या चंद्रपूरची वर्धा आणि गडचिरोलीची वैनगंगा चपराळ्याजवळ भेटतात. त्यांची प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे आमच्या रानातली माती शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिथे त्या मातीतल्या क्षारांवर जे जीव पोसतात, त्यांना प्लवक म्हणतात. बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाणी नेईल तिकडे जातात. मामा तलावाचे पाणी हिरवट झाले की मासा पोसतो, हे आमच्या ढिवर बांधवांना ठाऊक असते. समुद्राचाही हिशेब तोच.

पण हे जीव मोजायचे कसे? माझी अम्मी नदीचे पाणी जुन्या मलमलीच्या ओढणीतून गाळून माठात भरायची. शास्त्रज्ञांची सुरुवातही कापडापासूनच झाली. पिठाच्या गिरणीत चाळणीला लावतात त्या रेशमी कापडाची जाळी त्यांनी शिवली. जर्मनीच्या व्हिक्टर हेन्सेनने 1887 मध्ये ‘प्लँक्टन’ हा शब्द दिला आणि 1889 मध्ये तो अशी जाळी घेऊन अटलांटिकवर गेला. समुद्रात अन्न किती, हे त्याला मोजायचे होते.

आपल्या समुद्राची पाळी 1960 च्या दशकात आली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे उतरली. प्राणी प्लवकांसाठी सर्वांचे जाळे एकाच मापाचे ठरले. त्याचे तोंड एक चौरस मीटर. ते 200 मीटर खोलीवरून वर ओढले की ढोबळमानाने दोन लाख लिटर पाणी गाळले जाई. नमुने कोचीनच्या केंद्रात जमा झाले. तिथे वर्षानुवर्षे माणसे सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली, तेव्हा कुठे नकाशे तयार झाले. याच मोहिमेच्या पाठोपाठ 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. आज तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

त्या जाळ्याची भोके मिलिमीटरच्या एक तृतीयांश. बारीक वनस्पती प्लवक त्यातून सुटत, म्हणून त्यांच्यासाठी बाटलीत पाणी भरून आणत. तरीही एक जीव सगळ्यांच्या नजरेतून निसटला. 1988 मध्ये सॅली चिशोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगापुढे मांडला: प्रोक्लोरोकॉकस. उन्हावर जगणाऱ्या जीवांत पृथ्वीवर संख्येने सर्वांत मोठा, आणि तोवर कोणत्याच वहीत नाही!

मला आलापल्लीचा लाकूडडेपो आठवला. सागाचा ओंडका फीत लावून मोजला जाई. मोहाखाली पहाटे फुले वेचणारी बाई त्या वहीत नव्हती. नोंद नव्हती म्हणून ती नव्हती असे थोडेच?

1999 मध्ये भारताचा ओशनसॅट उपग्रह वर गेला. पाण्याच्या रंगावरून हरितद्रव्याचा अंदाज घेऊ लागला. पण नदीच्या मुखाशी तो गोंधळतो. गढूळ पाण्यात हिरवे किती आणि माती किती, हे आकाशातून नीट कळत नाही. त्या मातीत आमच्या रानाचीही चिमूटभर असते. म्हणून किनाऱ्याजवळ आजही कुणाला तरी होडीतून जावे लागते, बाटली बुडवावी लागते, थेंब काचेखाली धरावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)