एअर इंडिया इमारत (मुंबई)

एअर इंडिया इमारत ही दक्षिण मुंबईतील नरिमन पॉइंट येथील २३ मजली इमारत आहे. एअर इंडिया या विमान कंपनीचे मुख्यालय म्हणून ती बांधण्यात आली. इ.स. २०२४ मध्ये ती शासकीय कार्यालयांसाठी महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली.

इतिहास

समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर, मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाशी ही इमारत इ.स. १९७४ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा न्यू यॉर्कमधील जॉन्सन-बर्गी या संस्थेचे वास्तुविशारद जॉन बर्गी यांनी केला. माथ्यावरील धनुर्धारी सेंटॉर हे कंपनीचे बोधचिन्ह समुद्रकिनाऱ्यावरून दुरूनही दिसे. अनेक मुंबईकरांना इमारतीची ओळख पत्त्यापेक्षा त्या चिन्हावरूनच अधिक होती.

१२ मार्च, इ.स. १९९३ रोजी झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांपैकी एक स्फोट येथे झाला. स्फोटके मोटारीत ठेवण्यात आली होती. त्या दिवशी शहरभरात २५७ जणांचा बळी गेला. इमारतीची दुरुस्ती होऊन ती पुन्हा वापरात आली.

इ.स. २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय दिल्लीला हलले. त्यानंतर रिकामे मजले भाड्याने देऊन उत्पन्न मिळविण्याचा मार्ग कर्जबाजारी कंपनीने अवलंबिला.

हस्तांतरण

इ.स. २०१२ मध्ये मंत्रालयाला लागलेल्या आगीनंतर राज्य शासनाची जागेची अडचण तीव्र झाली आणि काही विभाग इतरत्र हलवावे लागले. मंत्रालयापासून पायी अंतरावर असलेली ही इमारत त्या दृष्टीने सोयीची होती. केंद्राने ती विक्रीस काढल्यावर राज्याने प्रथम १,४०० कोटी रुपये देऊ केले. परंतु तो व्यवहार पूर्णत्वास गेला नाही. इ.स. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तरी ही इमारत त्या विक्रीत नव्हती. ती केंद्र सरकारच्या एअर इंडिया अ‍ॅसेट्स होल्डिंग या कंपनीकडे राहिली. यामुळे इमारतीचे नाव एका कंपनीचे आणि मालकी दुसरीची, अशी स्थिती निर्माण झाली.

नोव्हेंबर, इ.स. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना खरेदी करण्यास संमती दिली व मार्च, इ.स. २०२४ मध्ये केंद्राने हस्तांतरण मंजूर केले. राज्याला येणे असलेली सुमारे २९८ कोटी रुपयांची थकबाकी माफ करण्यासही राज्याने मान्यता दिली, हे लक्षात घेता प्रत्यक्ष भार जाहीर किमतीहून अधिक ठरतो. या व्यवहारातून शासनाला सुमारे ४६,४७० चौरस मीटर जागा मिळणार होती.