लिनक्समधील हार्डवेअर-माहितीच्या आज्ञा

लिनक्समधील हार्डवेअर-माहितीच्या आज्ञा म्हणजे संगणकात कोणता प्रोसेसर, किती मेमरी, कोणती डिस्क व कोणती कार्डे आहेत, हे कॅबिनेट न उघडता टर्मिनलवरून सांगणाऱ्या आज्ञांचा समूह होय. वापरलेला संगणक विकत घेताना किंवा मेमरी वाढवताना त्यांचा विशेष उपयोग होतो. प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या स्थानी असलेला सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' त्यांपैकीच एक. सी-डॅकनेच डेबियनच्या आधारे विकसित केलेल्या 'बॉस' या भारतीय प्रणालीवरही याच आज्ञा चालतात.

माहितीचा उगम

या आज्ञांची उत्तरे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांची विश्वासार्हता सारखी नसते. पहिला उगम म्हणजे प्रणालीचा गाभा, अर्थात कर्नेल. त्याला आढळलेले हार्डवेअर तो 'प्रॉक' व 'सिस' या निर्देशिकांतून मांडतो. तेथील फाइली डिस्कवर साठवलेल्या नसतात. वाचावयास घेताच कर्नेल त्यांतील मजकूर तयार करतो. दुसरा उगम म्हणजे मदरबोर्डच्या बायोसमध्ये उत्पादकाने भरून ठेवलेली तक्ता-स्वरूपातील नोंद. ती कर्नेलने पडताळलेली नसते.

प्रोसेसर व मेमरी

'एलएससीपीयू' ही आज्ञा प्रोसेसरचे नाव, गाभे व धागे दाखवते. 'सीपीयू' या ओळीतील आकडा गाभ्यांचा नसून धाग्यांचा असतो, त्यामुळे चार गाभ्यांचा प्रोसेसर तेथे ८ दाखवू शकतो. जुन्या यंत्रांबाबत 'ऑप-मोड' ही ओळ अधिक महत्त्वाची. प्रणाली ३२-बिटची असली तरी प्रोसेसर ६४-बिट चालवू शकतो की नाही, हे तीवरून कळते.

'फ्री -एच' ही आज्ञा वापरता येण्याजोगी मेमरी सांगते. काही भाग कर्नेल व बायोस राखून ठेवत असल्याने हा आकडा बसवलेल्या मेमरीपेक्षा थोडा कमी असतो. तो दोष नव्हे. किती स्लॉट रिकामे आहेत आणि पट्टी कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र 'सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी' यावरून पाहावे लागते. ही आज्ञा दुसऱ्या उगमावर विसंबते. ही नोंद पुष्कळदा चुकीची किंवा अपुरी असते, असा इशारा तिच्या माहितीपुस्तिकेतच आहे. अनेक मदरबोर्डांवर अनुक्रमांकाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' एवढेच आढळते. म्हणून नवी पट्टी विकत घेण्यापूर्वी एकदा झाकण उघडून पाहणे इष्ट.

डिस्क व कार्डे

'एलएसबीएलके' डिस्क व तिचे विभाग दाखवते. ५०० जीबीची डिस्क येथे सुमारे ४६५.८ दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो व ही आज्ञा १०२४ च्या. 'रोटा' या स्तंभात १ असल्यास डिस्क फिरत्या चकतीची, ० असल्यास एसएसडी. डिस्क किती तास चालली आहे, हे 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' या आज्ञेपुढे डिस्कचे नाव दिल्यास कळते. त्यासाठी 'स्मार्टमॉनटूल्स' हा संच बहुधा वेगळा बसवावा लागतो.

'एलएसपीसीआय' कार्डांची व 'एलएसयूएसबी' यूएसबी उपकरणांची यादी देते. उपकरण स्वतः केवळ सांकेतिक क्रमांक कळवते. त्यावरून नाव शोधण्याची सूची स्वयंसेवकांच्या योगदानातून वाढत आली आहे. इंटेलचा क्रमांक ८०८६ हा आहे, म्हणजे १९७८ सालच्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव. वाय-फाय चालत नसल्यास 'एलएसपीसीआय -के' पाहावे. कार्डाखाली वापरातील ड्रायव्हरची ओळ नसेल, तर कार्ड सापडले आहे पण ड्रायव्हर जोडला गेलेला नाही, असा अर्थ होतो.

आभासी यंत्रे

आभासी यंत्रात या आज्ञा मूळ संगणकाचे नव्हे, तर त्या यंत्राला दाखवलेले हार्डवेअर सांगतात. अशा वेळी 'एलएससीपीयू'च्या उत्तरात सहसा 'हायपरवायझर' अशी ओळ दिसते.