मद्रासचा प्रयोग आणि दुखणेकऱ्याची रोजी

थॉमस मान यांच्या ‘द मॅजिक माउंटन’ (१९२४) या कादंबरीचा नायक हान्स कास्टॉर्प तीन आठवड्यांसाठी म्हणून दावोसच्या आरोग्यधामात जातो आणि सात वर्षे तेथेच राहतो. या कादंबरीतील काळाविषयी समीक्षक भरभरून लिहितात, पैशाविषयी क्वचितच. स्वतः मान मात्र या बाबतीत चोख आहेत. कास्टॉर्प पोरका आहे, पण वारशाने आलेल्या रकमेचे व्याज त्याला मिळते, आणि त्या व्याजात आरोग्यधामाचा खर्च भागतो याचा हिशेब तो कादंबरीतच मांडतो. सात वर्षांचे चिंतन या व्याजावर उभे आहे. आपल्याकडे गडकऱ्यांचे १९१९ साली सावनेरला क्षयाने झालेले अकाली निधन अशाच एका वलयात पाहिले जाते. प्रतिभा आणि क्षय यांचे नाते जुळवण्याची ही हौस सार्वत्रिकच म्हणायची.

मराठीतला ‘हवापालट’ हा शब्द या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. हवा पालटायची तर दुसऱ्या गावी घर हवे, जाण्यायेण्याचे भाडे हवे, आणि मुख्य म्हणजे आपण नसताना मागची चूल पेटती ठेवणारे कोणी तरी हवे. औषध सापडण्यापूर्वी क्षयावरचा उपाय म्हणजे स्वच्छ हवा, सकस अन्न आणि दीर्घ विश्रांती. या तिन्ही गोष्टी रोजंदारीवर जगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ साली भारतातले पहिले आरोग्यधाम निघाले, १९१५मध्ये मदनपल्लीचे. पुढे आणखीही निघाली. पण रुग्णांची संख्या लाखांत आणि खाटा काही हजारांत, हे व्यस्त प्रमाण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तसेच राहिले.

स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि १९५२नंतर आयसोनियाझिड ही औषधे आल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला. आता औषध जिवाणू मारणार असेल, तर रुग्णाला आरोग्यधामात ठेवण्याची गरज आहे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद असे चौघे त्यात सहभागी होते. वॉलेस फॉक्स हे त्यामागचे प्रमुख नाव. शहरातल्या गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्ण निवडले गेले. यदृच्छेने त्यांचे दोन गट पाडले : एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरी. औषधे दोघांनाही तीच, एक वर्षभर.

घरच्या गटाची परिस्थिती कशी होती, हे अहवालात तपशिलाने नोंदलेले आहे. दाटीवाटीच्या खोल्या, निकृष्ट आहार, विश्रांती कमी आणि अंगमेहनत जास्त. आरोग्यधामातल्या रुग्णांचे वजन अधिक वाढले, हेही नोंदलेले आहे. आणि तरीही वर्षाअखेर आरोग्यधामातील शेकडा ९२, तर घरचे शेकडा ८६ रुग्ण जिवाणूंच्या दृष्टीने शांत अवस्थेत होते. पाच वर्षांनंतर तर दोन्ही गट शेकडा ९०च्या आसपास येऊन टेकले. घरी राहिल्याने कुटुंबियांना लागणीचा धोकाही वाढलेला दिसला नाही. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्यधामांचा पाया त्यांनी हलवला. एका गरीब देशातल्या गरिबांवर झालेल्या अभ्यासाने श्रीमंत देशांची वैद्यकव्यवस्था बदलावी, असे प्रसंग विरळाच.

या प्रयोगाचे मोठेपण निर्विवाद आहे. बाई घरी राहिली म्हणजे मुले पोरकी होत नाहीत, एवढा एकच लाभ लक्षात घेतला तरी पुरे. माझा आक्षेप प्रयोगाला नाही, तो ज्या रीतीने वाचला गेला त्याला आहे. प्रयोगाने मोजले होते ते थुंकीतले जिवाणू आणि क्ष-किरण चित्रातल्या छाया. त्यातून निघणारे विधान एवढेच, की निकृष्ट आहार असला तरी औषध आपले काम करते. पण ‘आहाराची गरज नाही’ हे त्याहून निराळे विधान त्याच्या जागी हळूहळू येऊन बसले. १९६२च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाला औषध मिळाले. त्याच्या ताटाची आणि बुडालेल्या रोजीची दखल घेण्याचे कारण उरले नाही. आरोग्यधामात निदान दोन वेळचे जेवण संस्थेच्या खर्चातून होई. आता तो खर्च रुग्णाच्या घरच्या वहीत गेला आणि सरकारी वहीतून दिसेनासा झाला.

कामगार राज्य विमा योजनेने (कायदा १९४८चा) क्षयासारख्या दीर्घ आजारात वेतनाचा काही भाग देण्याची तरतूद केली खरी. पण ती नोंदलेल्या कारखान्यातल्या कामगारापुरती. विडी वळणारी बाई, बांधकामावरचा बिगारी, शेतमजूर यांना तिचा स्पर्श झाला नाही. आणि क्षय वस्तीला असतो तो प्रामुख्याने याच घरांत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५पासूनच्या धोरणात ‘क्षयामुळे कोणत्याही कुटुंबावर आर्थिक संकट कोसळू नये’ हे उद्दिष्ट प्रथमच घातले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक खर्च ही त्याची मोजपट्टी, आणि त्या खर्चात बुडालेली मजुरीही धरलेली. भारतात निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. मद्रासच्या अहवालानंतर जवळजवळ साठ वर्षांनी हा आकडा सरकारी वहीत चढला.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णांना दरमहा दहा किलोंचा शिधा दिला गेला : तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल. रुग्णांच्या कुटुंबियांपैकी ज्यांना तांदूळ-डाळ मिळाली त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण शेकडा ३९ने घटले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत एक नोंद अशी आहे, जी मद्रासच्या तक्त्यांत शोधूनही सापडणार नाही : उपचारांच्या आरंभी नेहमीसारखे काम करू शकणारे रुग्ण शेकडा तीनच्या आसपास होते, उपचार संपताना ते सुमारे पंचाहत्तर झाले.